नोंद घेतली आहे

पक्षाघाताने बाबांची वाचा गेली, त्याच्या थोडंसं आधी त्यांनी लेकीला फोन केला होता. ते काय बोलले, हे तिला आठवत नव्हतं.

बाकी सगळं आठवत होतं. ती वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायची. त्या दुपारी एका कानाला चौथ्या मजल्यावरच्या बाई होत्या. मशीन गळून गालिचा भिजला होता, मागे कुत्रं भुंकत होतं. बाईंना होल्डवर टाकून तिने दुसऱ्या कानाला मोबाइल लावला. स्क्रीनवरची होल्डची पट्टी पिवळी झाली, मग लाल. निम्मी माणसं रजेवर होती, आणि पट्टी लाल झाली की टीम लीडर खुर्चीमागे येऊन उभा राहायचा. ते कुत्रं कसं भुंकत होतं हे तिला आजही सांगता आलं असतं. बाबांचा एक शब्द सांगता येत नव्हता.

“अगं, हसत होते ते फोनवर,” इस्पितळात बाबांच्या पायथ्याशी बसलेली आई पुन्हा म्हणाली. “मग मला म्हणाले, तक्रारपेटीला सांगून टाकलं एकदाचं. काय, विचारलं तर म्हणे, संध्याकाळी तिच्याच तोंडून ऐक. हात धुवायला गेले, ते पडलेच. सांग ना, काय म्हणाले?”

तक्रारपेटी म्हणजे ती. नोकरी लागल्यापासून बाबा तिला हेच म्हणायचे.

“सांगते गं,” ती म्हणाली आणि बाहेर पडली.

तिने टीम लीडरला गाठलं. “ग्राहक होल्डवर असला तरी आपला माइक चालू असतो ना? मला त्या दुपारचं रेकॉर्डिंग ऐकायचंय.”

“स्वतःचीच तक्रार नोंदवायला आलीस की काय?” तो हसला. मग तिचा चेहरा बघून त्याने खुर्ची पुढे सरकवली.

मोबाइलमधला आवाज अर्थातच त्यात नव्हता. फक्त तिचाच होता. “हं. हो. हं, बरं.” बराच वेळ काही नाही. पुन्हा “हं.” आणि शेवटी, गोड, एका पट्टीतला आवाज: “आपली नोंद घेतली आहे. आपला दिवस चांगला जावो.”

टीम लीडरने हेडफोन काढला. “हे त्या बाईंना ना?”

“बाबांना,” ती म्हणाली.

परत येऊन ती पलंगाशी बसली आणि बाबांचा डावा हात हातात घेतला. त्या हाताची बोटं हलत होती. बोटं दाबली तर हो, नाही दाबली तर नाही, असं डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं. मशीनमधला बिघाड शोधावा तसं तिने विचारायला घेतलं.

“घराचं काही होतं?” बोटं हलली नाहीत.

“तब्येतीचं?”

“ते कसले दुखणं सांगतायत!” आई म्हणाली. “नको ते विचारू नकोस.”

“माझ्याबद्दल होतं?” बोटं घट्ट दाबली गेली.

“चांगलं होतं?” पुन्हा दाबली.

“तुम्ही काही केलंत? माझ्यासाठी?” दाबली.

“काही आणलंत? कुणाला भेटलात? काही ठरवलंत?” ती विचारत सुटली. बोटं थांबली होती. बाबांचे डोळे मिटायला लागले होते.

“अगं, त्यांना का दमवतेस?” आईचा आवाज चढला. “तुला सांगितलंय ना त्यांनी? मग त्यांनाच काय विचारतेस?”

तिने आईकडे पाहिलं नाही. “बाबा, मी हो-हो करत होते, पण ऐकत नव्हते. मला माहीत नाही तुम्ही काय म्हणालात. कळतंय ना, मी काय म्हणतेय?”

बाबांनी डोळे उघडले. तोंडाचा एकच कोपरा वर गेला. तिच्या एखाद्या फुसक्या विनोदावर जायचा, तसा.

“खरंच सांगतेय, बाबा. खरं वाटतंय ना तुम्हाला?”

ती वाट बघत राहिली. बोटं तिच्या तळहातावर तशीच पडून होती. डोळे मात्र तिच्यावरून हलत नव्हते. नोंद घेतली आहे, असं तिनेच तर सांगितलं होतं.