उरलेली बाटली

मी चिडकी आहे, हे आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून कपाट आवरायचं काम माझ्याच गळ्यात पडलं; मी आवरत असताना कुणी मध्ये लुडबुडत नाही. मागच्या फळीवर एक बाटली सापडली. अक्षर माझंच होतं: धरणाची जागा, खालचा थर, उरलेलं.

तीन वर्षांपूर्वी त्या थराचं वय मीच मोजलं होतं. ज्वालामुखींची रांग आणि समुद्रातला खोल चर यांच्या मधल्या खोलगट भागात कधीकाळी साचलेला गाळ. त्याला चिरत एक भेग गेली होती. गाळ ओला असतानाच ती पडली, असा सगळ्यांचा अंदाज होता. म्हणजे थर जितका जुना, तितकी भेग जुनी. जुनी भेग मेलेली, तिच्यावर धरण चालतं; जिवंत भेग पाण्याच्या भाराने सरकू शकते. आणि थर त्यातल्या सगळ्यात तरुण दाण्याहून जुना असू शकत नाही. म्हणून झिरकॉन या चिवट खनिजाचे दाणे वेचायचे, लेझरने जाळायचे आणि आतल्या किती युरेनियमचं शिसं झालं ते मोजून वय काढायचं.

मी शंभर दाणे वेचले. मोठे, गोल, गुलाबीसर, बघत राहावेत असे. नव्याण्णव निघाले सहा कोटी वर्षांच्या पलीकडचे. एक निघाला पाच लाखांचा.

"कुठून तरी उडून आलेली घाण," मोठे सर म्हणाले. "एका दाण्यावर कुणी बोलत नाही. तीन आले असते तर गोष्ट वेगळी."

नियम तसाच आहे. मी तो दाणा वगळला आणि अहवालावर सही ठोकली.

आता बाटली सूक्ष्मदर्शकाखाली उपडी केली. तळाशी बारीक, काचेसारखे, सुईच्या टोकाएवढे दाणे होते. गोल दाणे लांबच्या जुन्या डोंगरांतून नदीने घासत आणलेले असतात. हे टोकदार होते, जवळच्याच ज्वालामुखीतून थेट पडलेले. मला देखणे दाणे आवडतात, म्हणून मी तेवढेच वेचले होते. माझी मलाच लाज वाटली.

दुपारपर्यंत वीस मोजले. एकोणीस पाच लाखांच्या आसपास. म्हणजे भेग त्याहूनही अलीकडची. आमच्या हिशेबात ती कालची, जिवंत.

सरांनी कागद बघितला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"धरण भरलंय गं," एवढंच बोलले, आणि फोन उचलून वरच्या कचेरीचा नंबर फिरवू लागले. तिकडे कुणी उचलत नव्हतं.

मी बाहेर जिन्यात येऊन धाकटीला फोन लावला. माझी बहीण. धरणाच्या पायथ्याच्या वसाहतीत तिचं घर आहे, दोन मुलं आहेत.

"सामान राहू दे. पोरांना घे आणि आत्ताच्या आत्ता निघ."

"ताई, भांडणबिंडण झालंय का ऑफिसात?" ती हसली.

"भेगेचं वय चुकलंय. माझ्याकडून चुकलंय."

ती म्हणाली, "इथले सगळे घर घ्यायला घाबरत होते. मीच दारोदार सांगत फिरले, माझ्या ताईची सही आहे, डोळे झाकून घ्या म्हणून. चाळीस घरं आहेत गं."

"सगळ्यांना सांग. पळ."

"सांगते. पण ताई, पाणी वर चढलं तेव्हापासून फळीवरची भांडी वाजतात. आम्हाला वाटायचं, ट्रक जातात."

"आज वाजली?"

"सकाळपासून थांबलीच नाहीत."