मागच्याचा टेकू

त्या दिवशी आम्ही नेहमीसारखाच डोंगर चढलो. डोलीत एक आजीबाई, पुढे एक डोलीवाला, मागे एक. मागच्याच्या हातात मी. उद्या हा हात आपल्याला धरणार नाही, हे मला कुठून कळावं?

मित्रांनो, मी एक जुना टेकू आहे. खांद्याएवढी उंच, वर बेचकं असलेली काठी. डोलीवाला दमला की डोलीचा दांडा माझ्या बेचक्यात ठेवतो आणि घटकाभर खांदा मोकळा करतो. आत बसलेल्याला उतरावंसुद्धा लागत नाही.

आमच्या डोंगरावर जैनांची शेकडो वर्षांपूर्वीची मंदिरं आहेत. पायऱ्या इतक्या जुन्या, की मधोमध झिजून त्यांच्या वाट्या झाल्यात. वर कुणी काही खात नाही, चामड्याची वस्तू नेत नाही आणि दिवस मावळायच्या आत सगळे खाली उतरतात. मला घडवलं तेव्हा मागच्याने माझ्या पायाला टायरचा तुकडा ठोकला. त्याची लहानगी मुलगी शेजारी खिळे धरून बसली होती.

"घसरणार नाही, आणि खाली मुंगी आलीच तर तिला जरा मऊ लागेल," तो म्हणाला.

"मऊ लागलं तरी मरेलच ना, बाबा?"

तेव्हापासून मुंग्यांची रांग दिसली की पुढचा ओरडायचा, "मुंग्या!" आणि मागचा मला उचलून पलीकडे टेकवायचा.

मागच्याला समोरचं काही दिसत नाही, दिसते ती फक्त डोलीची पाठ. म्हणून पुढचा सांगत जायचा, "पायरी मोडकी." "वळण." मधेच कुरकुरायचा, "पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. तीस वर्षं ठेचा मी खातोय, आणि शहाणा हा!"

"शहाणा झालो असतो तर अजून डोली उचलली असती का?" मागचा म्हणायचा.

वर पोचल्यावर लोक कोरीव खांबांचं कौतुक करत. डोलीची गादी मऊ आहे म्हणत. माझ्याकडे कुणाचं लक्ष जात नसे. फक्त ती मुलगी सुट्टीच्या दिवशी उंबऱ्यावर बसून मला तेल लावायची.

मग ती शिकायला दूर गेली. एकदा तिच्या कॉलेजची सहल आमच्याच डोंगरावर आली. दुसऱ्या वळणाच्या कट्ट्यापाशी आम्ही टेकलो होतो. मुलींचा घोळका वरून उतरत आला.

"अरे, ती बघ, तुझी पोर!" पुढचा म्हणाला.

मागच्याने डोलीच्या आडून मान काढली. मुलीने तोंड फिरवलं आणि भिंतीवरचा शिलालेख वाचू लागली. त्या लिपीतलं एक अक्षरही तिला येत नव्हतं.

"ओळखतात का गं ते तुला?" मैत्रिणीने विचारलं. मुलगी शिलालेखावरून बोट फिरवत राहिली.

मागच्याने मान पुन्हा डोलीआड घेतली. मग तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "छे रे! माझी पोर या वेळी कॉलेजात असते. ही दुसरीच कुणीतरी. चल, उचल."

त्या दिवशी उरलेल्या पायऱ्यांवर त्याने माझ्यावर जेवढा भार टाकला, तेवढा कधीच टाकला नव्हता.

पुढे ती सुट्टीला आली, पण त्याने काही विचारलं नाही. तिनेही काही सांगितलं नाही. ती नोकरीला लागली. दर रविवारी तिचा फोन यायचा. "जेवलात का?" "हो. तू?" एवढ्यावर तो थांबायचा.

शेवटच्या दिवशी डोलीतल्या आजीबाईंनी विचारलं, "मुलंबाळं किती हो तुम्हाला?"

"एकच मुलगी. कॉलेजात शिकवते."

"येते का भेटायला?"

"फोन करते की. तिला कामं असतात."

संध्याकाळी पायथ्याच्या घरी त्याने मला दाराआड उभं केलं. सकाळी तो अंथरुणातून उठलाच नाही. मुलगी आली, दिवसकार्य उरकून गेली आणि घराला कुलूप लागलं.

अकरा महिने मी दाराआड होतो. शेजारी झाडू आणि एक मोडकी छत्री. माझ्या पायाचं रबर वाळून तडकलं. बाहेर पायऱ्यांवर माणसांची वर्दळ असायची. कुणीतरी "मुंग्या!" म्हणेल म्हणून मी कान देऊन असायचो.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना वर्षातून एकदा तेलाचं बोट पुरतं. माणसांचं तसं नाही. ज्याच्या खांद्यावर बसून तुम्ही वर पोचलात, त्याला चारचौघांत हाक मारा. तो ऐकू शकतो तोवर मारा.

परवा कुलूप उघडलं. मुलीने घर आवरलं, छत्री टाकून दिली. मला मात्र हातात घेतलं आणि डोंगर चढू लागली. थकलेला पुढचाही निघाला, सवयीने तिच्या पुढेच.

"पायरी मोडकी," तो सांगत होता. "वळण. मुंग्या."

तिने मला उचलून पलीकडे टेकवलं.

दुसऱ्या वळणाच्या कट्ट्यापाशी ती थांबली. पायऱ्यांवर यात्रेकरूंची गर्दी होती. तिने मला भिंतीला, त्या शिलालेखाशेजारी उभं केलं. बाबांच्या हाताने गुळगुळीत झालेल्या जागी तळवा ठेवला. आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

"बाबा, ती दुसरी कुणी नव्हती. ती मीच होते."