डावीकडचा बाण

बस वळणावर कलली तशी पेंटरनं समोरच्या सीटची दांडी घट्ट धरली आणि तिसऱ्यांदा विचारलं,

"कड्यावर कधी पोचणार?"

"काका, कडा सगळ्यात शेवटी," गाईड मुलगी हसत म्हणाली. "आधी दीपगृह, मग खाडी, मग पाणपक्ष्यांचं तळं. तुम्ही कुठून आलात?"

"इथलेच."

बसमध्ये हशा पिकला. आपल्याच गावात गळ्यात पर्यटकांचा पिवळा बिल्ला अडकवून बसलेलं जोडपं बघून कोणालाही हसू आलं असतं. पेंटरच्या बायकोला त्याचं काहीच नव्हतं, ती सकाळपासून हवेत होती. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण 'चल, जरा फिरून येऊ' हे शब्द या माणसाच्या तोंडून तिनं पहिल्यांदा ऐकले होते.

खरं कारण पेंटरच्या पोटात होतं आणि ते त्याला आठवडाभर धड जेवू देत नव्हतं.

चाळीस वर्षं त्यानं नगरपालिकेच्या वर्कशॉपात पाट्या रंगवल्या. दीपगृहाकडे, धबधब्याकडे, किनाऱ्याकडे. अख्ख्या गावाला वाट दाखवली आणि स्वतः मात्र घर ते वर्कशॉप, वर्कशॉप ते घर. बाण तो सगळ्यात शेवटी काढायचा, तोही टेबलाच्या पलीकडे जाऊन, म्हणजे बाही ओल्या अक्षरांना लागत नाही. तिथून पाटी उलटी दिसते, म्हणून डावीकडचा बाण आपल्या उजवीकडे ओढायचा. ते त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की विचार करावा लागत नसे. पण नोकरीच्या शेवटच्या दिवशी निरोपसमारंभासाठी लोकांनी हाका मारून मारून जीव खाल्ला आणि त्यानं शेवटची पाटी कशीबशी उरकली. 'समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्या.' पायऱ्या डावीकडे. उजवीकडे उघडा कडा, साधा कठडासुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी आरशासमोर दाढी करताना त्याचा हात जागच्या जागी थांबला. बाण आपण आपल्या डावीकडे ओढला. म्हणजे पाटीवर तो उजवीकडे गेला.

त्यानं फोन दोनदा उचलला, दोनदा ठेवला. पाट्या बसवणारा त्याचा सोबती, ज्याला सगळे 'पाना' म्हणायचे, त्यानंच समारंभात छाती फुगवून भाषण ठोकलं होतं. "चाळीस वर्षं, पण एक चूक दाखवा!" केवढ्या टाळ्या पडल्या होत्या. आता कोणत्या तोंडानं सांगायचं? कड्याची वाट आज खुली होणार होती. पहिल्या बसनं जायचं, सगळ्यांच्या आधी उतरायचं आणि पाटीसमोर उभं राहून लोकांना डावीकडे वळवायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं.

दीपगृहाच्या गच्चीवर बायकोनं त्याला ओढतच नेलं. खाली समुद्र दोन रंगांचा दिसत होता, आत निळा आणि काठाला मातकट. खाडीच्या चिखलात शेकडो लालचुटूक खेकडे एकदम बिळात शिरले आणि ती टाळी वाजवून ओरडली,

"अहो, बघा तरी! हे सगळं इथंच होतं?"

"इथंच होतं," तो म्हणाला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. तळ्यावर करड्या पक्ष्यांचा थवा उठला तेव्हा मिनिटभर तो कडाबिडा सगळं विसरला. मग आठवलं आणि तो बसकडे वळला.

कड्याशी बस थांबते न थांबते तोच त्यानं खाली उडी टाकली.

"अहो, गुडघा!" बायको मागून ओरडली.

कशाचा गुडघा! तो धापा टाकत पाटीपाशी पोचला. बाण डावीकडे होता.

पण तो त्याचा बाण नव्हता. जाडजूड, फुगलेला, टोकाला रंग ओघळलेला. उजवीकडे पांढऱ्या रंगाचा ताजा चट्टा होता, त्याच्याखाली जुनं टोक पुसटसं दिसत होतं. पेंटरनं पाटीच्या खांबाला हात लावला आणि तसाच उभा राहिला. आठवड्यानंतर पहिल्यांदा श्वास पूर्ण आत गेला.

"काय भयाण बाण काढलाय!" मागून कोणीतरी म्हणालं.

"त्याची गंमतच आहे," गाईड मुलगी सांगू लागली. "काल तयारीला आलो तर पाटी बसवणाऱ्या काकांनी डोक्याला हात लावला. बाण उलटा! त्यांनी तिथंच उभं राहून स्वतः रंगवला. वर आम्हाला दम, वर्कशॉपात कोणी बोलायचं नाही. म्हणाले, पेंटर नुकताच रिटायर झालाय, देवमाणूस आहे, मनाला लावून घेईल."

सगळे हसले.

"कोण हा पेंटर?"

पेंटरनं बायकोकडे पाहिलं. मग मोठ्यानं म्हणाला,

"मीच तो. माझीच चूक."

मुलीनं जीभ चावली. पेंटरला मात्र हसू फुटलं आणि ते आवरेना, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो हसत राहिला. बायको कमरेवर हात ठेवून बघत होती.

"म्हणजे मला फिरायला नव्हतं आणलंत तर! तरी म्हटलं, आज सूर्य कुठं उगवला."

"नव्हतं आणलं," डोळे पुसत तो म्हणाला. "आता नेतो. चल."

तिनं चपला काढून हातात घेतल्या आणि त्याच्या आधी पायऱ्या उतरायला लागली.