उत्तराखालचा चौकोन

बाईंनी उमेदीची सगळी वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात घालवली. पुढे घसा बसू लागला, भरल्या वर्गात आवाज चढवणं जमेना, तेव्हा त्यांनी शाळा सोडली आणि एका वेबसाइटच्या कचेरीत नोकरी धरली. वेबसाइट शाळकरी मुलांसाठी होती. एका बाजूला गृहपाठ: सोडवून दाखवलेली गणितं, प्रयोगांच्या आकृत्या, निबंधाचे मुद्दे. दुसऱ्या बाजूला ‘ताईला विचार’ नावाचं सदर. घरात ज्या गोष्टींना तोंड फुटत नाही त्या मुलांनी तिथं नाव न सांगता लिहायच्या आणि ताईनं उत्तर द्यायचं. ही ताई म्हणजे बाई.

काम त्यांना मनापासून आवडायचं. पाळी चुकली म्हणून हबकलेल्या मुली, आवाज फुटला म्हणून वर्गात मिठाची गुळणी धरून बसणारे मुलगे, जिवलग मैत्रिणीनं अचानक अबोला धरलेली कुणी. बाई प्रत्येकाला शेजारी बसवून सांगावं तसं लिहीत. कचेरीत त्यांच्या पडद्यावर फक्त प्रश्न यायचा आणि त्याखाली उत्तराची रिकामी चौकट. लिहून झालं की बटण दाबायचं, की पुढचा प्रश्न हजर. मुलांना ते पान कसं दिसतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आपलंच लिहिलेलं पुन्हा काय वाचायचं?

एका सुट्टीच्या दिवशी धाकट्या बहिणीचा फोन आला. तिची मुलगी, जिला घरात सगळे चिमणी म्हणत, आदल्या दिवशी खेळाच्या तासाला मैदानात चक्कर येऊन पडली होती. काय झालं म्हणून विचारलं तर अंगावर येते, जेवायला बसत नाही. “ताई, तूच ये. माझं ती ऐकत नाही,” बहीण म्हणाली.

बाई गेल्या. चिमणी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. पाठीचे मणके सदऱ्यातून मोजता आले असते. बाईंनी फार प्रश्न विचारले नाहीत, नुसत्या केसांतून हात फिरवत राहिल्या. बऱ्याच वेळानं पोरीनं उशीच्या अभ्र्यातून एक डबा काढून दाखवला. गुलाबी झाकण, झाकणावर एका चिमुकल्या कंबरेचं चित्र. रात्री जेवायच्या ऐवजी ही पावडर पाण्यात घालून प्यायची म्हणे.

“कुणी सांगितलं तुला?”

“ताईनं.”

बाईंना आधी अर्थच लागला नाही. मग चिमणीनं फोन पुढे धरला आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपलं पान पाहिलं.

प्रश्न त्यांना चांगला आठवत होता. वर्गातली मुलं मला ढोली म्हणतात, मी आरशात बघत नाही, मी जेवण सोडलं तर चालेल का. उत्तराची पहिली वाक्यंही त्यांचीच होती, शब्दन् शब्द. ‘अगं, तुझं शरीर आत्ता घडतंय. जेवण सोडू नकोस.’ यापुढे त्यांनी लिहिलं होतं की आईला सांग, डॉक्टरांना दाखव, आणि पुन्हा मला लिही. ते तिथं नव्हतं. तिथं होतं: ‘त्यापेक्षा रात्री जेवणाच्या जागी हे घेऊन बघ, मीही घेते.’ आणि त्याखाली चौकोनात तोच गुलाबी डबा, शेजारी लिहिलेलं, ‘खास तुझ्यासाठी’.

 बाईंनी गृहपाठाचं पान उघडायला सांगितलं. तिथं त्रिकोणाचं प्रमेय सोडवलेलं होतं आणि प्रमेयाच्या कडेला तीच कंबर. पोरीनं एकदा रडून विचारलं होतं, तेव्हापासून ती कंबर तिच्या मागे भूमितीपर्यंत आली होती.

“चिमणे, ती ताई मी आहे,” बाई म्हणाल्या.

पोरगी उठून बसली. “मग हे तू लिहिलंस?”

“वरचं मी लिहिलं. खालचं माझं नाही.”

“वरचं कुठं संपतं ते मला कसं कळणार, मावशी?”



दुसऱ्या दिवशी त्या थेट मालकाच्या खोलीत गेल्या. मालक तरुण, नेहमी हसतमुख, कुणालाही दुखवून न बोलणारा. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कॉफी मागवली आणि समजावू लागला. गृहपाठ फुकट, ताई फुकट, मग हा डोलारा कशावर उभा राहायचा? जिला जे हवंय तेच तिला दाखवतो, त्यात जबरदस्ती कसली? उत्तरं थोडी फिरवावी लागतात, ते काम जाहिरात विभागाचं. बाईंची भाषा मात्र अगदी आतून येते, मुलं लगेच विश्वास ठेवतात, असं त्यानं कौतुकानं सांगितलं.

बाईंनी त्याला मधेच थांबवलं. “तुम्हालाही मुलगी आहे ना?” त्यांनी विचारलं. “तिला दाखवाल हे पान?”

“छे हो, मॅडम. आमच्या घरी ही साइट बंदच करून ठेवलीय,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात लाज नव्हती. काळजी घेणाऱ्या बापाचा थोडा अभिमानच होता.

बाई कॉफीला न शिवता उठल्या. आपली जुनी उत्तरं काढून टाका, एवढंच त्यांनी मागितलं. ते होणार नव्हतं. ताई कंपनीची होती, बाईंची नव्हती. जाहिरात विभागातली एक मुलगी सोमवारपासून ताई होणार, हेही त्याच हसऱ्या तोंडानं त्यांना सांगण्यात आलं.

तिथून त्या चिमणीच्या शाळेत गेल्या. शाळेनं वाचनालयाच्या भिंतीवर ‘अभ्यासाला उपयुक्त’ म्हणून या वेबसाइटचं नाव लावलं होतं. मुख्याध्यापिकेनं पान पाहिलं आणि नाक मुरडून तो कागद स्वतःच्या हातानं फाडला. पण मुलांच्या फोनमधून ते पान कोण फाडणार?

चिमणीला डॉक्टरांकडे नेलं. तिचं रक्त कमी झालं होतं, आतडी पार बिघडली होती. ती औषध घेऊ लागली, आईच्या धाकानं दोन घास खाऊही लागली, पण मावशीशी बोलेना. बाई आल्या की तोंड फिरवायची. बाईंनाही तिचा राग आला नाही. स्वतःचा आवाजही त्यांना नकोसा झाला होता. काही बोलायला गेलं की वाटे, याच्या खाली काहीतरी चिकटलेलं असेल.

बरेच दिवस असेच गेले. मग एका दुपारी चिमणी न सांगताच बाईंच्या दारात उभी राहिली. सोबत वर्गातली मैत्रीण, खोल गेलेल्या डोळ्यांची, ओठ सोललेले. “हीसुद्धा तेच पिते,” चिमणी म्हणाली. “तिला सांग. मला नीट सांगता येत नाही.”

बाईंनी दोघींना आत घेतलं. त्या मुलीनं दप्तरातून डबा काढला, पण देईना, छातीशी धरून बसली. बाईंनी उपदेश केला नाही. जठर कसं असतं, आतडं कसं असतं, भूक कुठून लागते, हे वर्गात शिकवत तसं कागदावर काढून दाखवलं. शेवटी मुलीनं स्वतःच विचारलं, की आता याचं काय करू. बाई म्हणाल्या, ओत.

तिनं अख्खा डबा स्वयंपाकघरातल्या मोरीत रिकामा केला आणि नळ सोडला. पावडर विरघळलीच नाही. ती फुगू लागली. बघता बघता जाळी तुंबली आणि गुलाबी, बुळबुळीत लगदा बुडबुडे सोडत वर आला. त्याला गोड, औषधी वास होता. मैत्रिणीनं पोटावर हात ठेवला आणि तिला ओकारी आली, पण बाहेर पडायला पोटात काही नव्हतं.

चिमणीनं बाह्या सरसावल्या. मावशीच्या शेजारी उभी राहून ती दोन्ही हातांनी तो लगदा उपसून बादलीत टाकू लागली. तो बोटांच्या बेचक्यांत चिकटत होता, कितीही काढला तरी जाळीखालून आणखी वर येत होता.