हिरवा चौकोन

भिंगरीनं हात वर केला. कुणी बघितलंच नाही, म्हणून तिनं दुसराही वर केला.

"अगं, शरण आलीस की काय?" गणिताच्या बाई म्हणाल्या आणि शाळेच्या वाचनालयात जमलेली सगळी व्यसनमुक्ती समिती हसली.

"बाई, हा नकाशा चुकीचा आहे."

हसू जागच्या जागी विरलं. पडद्यावर सगळा परिसर चौकोनाचौकोनांत मांडला होता. ओढ्याकाठची वस्ती लालभडक. टेकडीवरचे उंच मनोरे, जिथं भिंगरी राहायची, ते मात्र हिरवेगार. जसे काही तिथं माणसं राहतच नव्हती, नुसती झाडंच उगवत होती.

महिनाभर नववीच्या मुलांनी कुलूपबंद डबे घेऊन दारोदार फिरून पायांचे तुकडे पाडून घेतले होते. घरात कुणी नशेच्या गोळ्या घेतं का, बाटल्या पितं का, एवढंच बिननावाच्या चिठ्ठीवर लिहायचं आणि डब्यात टाकायचं. त्या आकड्यांवरून आरोग्य केंद्राच्या डॉक्टरबाई योजना आखत होत्या. लाल भागाच्या तोंडाशी पोलीस चौकी, येणाऱ्याजाणाऱ्या पोरांच्या दप्तरांची झडती. संध्याकाळी केंद्रात एक समुपदेशक बसणार, तोही लाल भागातल्यांसाठीच, कारण माणूस एकच मिळाला होता. हिरव्या भागाला काही नाही. तिथं गरजच नव्हती.

"चुकीचा कसा?" डॉक्टरबाईंनी चष्मा वर ढकलला. "आकडे तुम्हीच गोळा केलेत ना?"

"ओढ्याकाठी केले. आमच्याकडे डबा आत गेलाच नाही. रखवालदारानं फाटकातून परत पाठवला. मग आमचा आकडा आला कुठून?"

संगणकाशी बसलेला केंद्रातला तरुण कारकून खुर्चीत चुळबुळला.

"तो रकाना रिकामा ठेवला की पुढचं पान उघडत नाही," तो म्हणाला. "म्हणून तात्पुरतं शून्य टाकलं होतं."

"तात्पुरतं!" भिंगरीचा आवाज चिरकला. "म्हणजे दार लावून घेतलं की माणूस निर्व्यसनी? मग परीक्षेच्या दिवशी मीही वर्गाचं दार लावून घेते, द्या मला शंभर!"

"खाली बस गं," शेजारून ठकी कुजबुजली. ठकी ओढ्याकाठची, वर्गातली दुसरी प्रतिनिधी. "उगाच कशाला वाकड्यात शिरतेस?"

"तू गप. उद्यापासून तुझंच दप्तर उलटं करणार आहेत."

ठकीनं मांडीवरचं दप्तर जवळ ओढलं. मग, कुणी विचारलं नसताना, टेबलाकडे बघत म्हणाली, "आमच्या गल्लीत सगळ्यांनी खरं लिहिलं. आई म्हणाली, खरं लिहिलं तर कुणी औषधपाणी देईल."

डॉक्टरबाईंनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

टेबलाच्या त्या टोकाला भिंगरीचे बाबा बसले होते. घरात बाबा, इथं मनोऱ्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी घसा साफ केला.

"डबा मीच थांबवला," ते म्हणाले. "आमच्या आवारात असले प्रकार नाहीत. उगाच चार घरांत संशय कशाला पेरायचा? पोरगी लहान आहे, मनावर घेऊ नका. योजना उत्तम आहे. समुपदेशकाचा वेळ जिथं आग आहे तिथंच जाऊ द्या."

माना डोलल्या. बाईंनी हळूच घड्याळ पाहिलं.

भिंगरीच्या कानशिलांतून वाफा निघायच्या बाकी होत्या. असले प्रकार नाहीत! आज दुपारीच ती घरी थोरल्या भावाच्या, दादाच्या खोलीबाहेर ताट घेऊन उभी होती. ज्यानं तिला सायकल शिकवताना स्वतःचे गुडघे फोडून घेतले, तो हल्ली दुपार कलली तरी उठत नव्हता. त्याच्या बुटाच्या टोकात तिला गोळ्यांची रिकामी चंदेरी पाकिटं सापडली होती. ती तिनं जशीच्या तशी परत कोंबून ठेवली आणि हात धुतले. मग पुन्हा धुतले. आई म्हणायची, अभ्यासाचा ताण आहे. बाबा काहीच म्हणायचे नाहीत, वर्तमानपत्राची घडी घालायचे. त्यांना बिचाऱ्यांना कुठलं काय माहीत, असं तिला वाटायचं. सांगावं तर घरात आग लागेल, न सांगावं तर दादा असाच दाराआड विझत जाईल. आणि आता जो एक माणूस त्याचं ऐकून घेऊ शकला असता, त्याच्या दारावरही पाटी लागणार होती: हिरव्यांना प्रवेश नाही.

"मग ठरलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सह्या करून टाकू या."

"आमच्याकडे एक तरी आहे," भिंगरी म्हणाली. या वेळी तिचा आवाज चढला नाही. "मला माहीत आहे."

सह्यांसाठी पुढं आलेला हात थांबला.

"कोण?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"कोण गं?" बाईही पुढं झुकल्या.

"कितवा मजला?" संगणकवाल्या कारकुनानं बोटं सरसावली.

"अरे, तू थांब जरा!" बाई त्याच्यावर खेकसल्या.

ठकीनं टेबलाखालून तिचं मनगट घट्ट धरलं.

भिंगरीनं बाबांकडे पाहिलं. आता ते कडाडतील. म्हणतील, कोणाबद्दल बोलतेस, नाव घे, उगाच लोकांच्या पोरांवर चिखल उडवू नकोस. त्याला तोडीस तोड उत्तर तिनं ओठांवर आणून ठेवलं होतं. मागं हटायचं नाही, असंही ठरवलं होतं.

सगळे तिच्याकडे बघत होते. बाबा तेवढे पडद्याकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, आणि डोळ्यांवर चढवायचं विसरून तसाच हातात धरून ठेवला.

कोण, असं त्यांनी विचारलं नाही.

तिच्या ओठांवरचं उत्तर तिथंच राहिलं. वर पंखा फिरत होता आणि टेबलावरच्या कागदांचे कोपरे उगाच उठत होते, बसत होते.

"डॉक्टरबाई," बाबा म्हणाले. आवाज घरातला होता, दार लोटून घेतल्यावरचा. "ते समुपदेशक... ते फक्त लाल भागातल्यांनाच भेटणार का?"