आभारापुरते अण्णा

जगन्नाथ अण्णांच्या मते विश्वाला सुरुवात नव्हती आणि शेवटही नव्हता. त्यांच्या व्याख्यानालाही शेवट नसतो, असं जबलपूरच्या चेरीताल मोहल्ल्यातली टवाळ मंडळी म्हणत; पण अण्णांच्या तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती. तोफांच्या कारखान्यात फोरमनकी करून अण्णा निवृत्त झाले, तरी मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात व्याख्यान त्यांचंच. विश्व पसरत जातं, मधे मोकळी जागा पडते, त्या जागेत नवं द्रव्य जन्माला येतं. म्हणून विश्व काल होतं तसंच आज आहे आणि उद्याही तसंच राहील. महास्फोट वगैरे सगळं थोतांड, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

वर्षभर हे ऐकायचं ते कुमुदताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने. थंडीत जबलपुरात मटाराचे ढीग लागतात. कुमुदताई अंगणात मटार सोलत बसत, अण्णा समोर खुर्ची टाकून द्रव्य निर्माण करत, आणि त्या मधूनमधून ‘हूं’ म्हणत. त्या ‘हूं’वर अण्णांचं बरं चाललं होतं.

यंदा मात्र मंडळाच्या सचिव विभावरीबाई घरी आल्या आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, “अण्णाजी, या वेळी व्याख्यान सुशांतजी देऊन राहिले. कॉलेजात फिजिक्सचे नवे प्रोफेसर आले ना, साताऱ्याचे, ते. तुम्ही आभार माना. आभार तो सीनियर आदमी ही करता है.”

अण्णा हसले. पण विभावरीबाई फाटकाबाहेर पडल्या तसा त्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. काल आलेलं पोर, अजून नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूलही धड पाहिला नसेल, आणि ते यांच्या जागी उभं राहणार.

पुढच्याच रविवारी ते पोर घरी आलं. वाकून नमस्कार केला, अण्णांचा आशीर्वाद मागितला, आणि कुमुदताईंनी केलेल्या मटाराच्या करंज्या खात बोलत बसलं. विश्व कसं जन्मलं याबद्दल किती वेगवेगळ्या कल्पना आहेत, ते सांगू लागलं. कोणी म्हणतं विश्व फुगतं, पुन्हा आकसतं, पुन्हा फुगतं. कोणी म्हणतं आपलं विश्व म्हणजे अनेक बुडबुड्यांतला एक बुडबुडा.

“अच्छा,” कुमुदताई म्हणाल्या. करंजीचं ताट हातात तसंच राहिलं होतं. “मग?”

अण्णांच्या काळजात कळ उठली ती तिथे. जागा गेली ती गेली; पण हे ‘मग?’ कुठून आलं? संसाराच्या इतक्या वर्षांत अण्णांच्या वाट्याला ‘हूं’ आलं होतं, ‘मग?’ एकदाही आलं नव्हतं. त्या रविवारपासून अण्णांना सुशांतचा इतका हेवा वाटायला लागला की त्याचं नाव निघालं तरी घास घशाखाली उतरेना. आणि नाव रोज निघे.

मग अण्णांनी बेत रचला. मंडळाचा रिवाज असा की आभार झाल्याशिवाय तिळगूळ वाटायचा नाही आणि खोव्याची जलेबीही बाहेर आणायची नाही. म्हणजे आभारापर्यंत जागचं कोणी हलत नाही. आभाराच्या मिषाने या पोराची साल काढायची, असं अण्णांनी ठरवलं. मुद्दे सगळे तोंडपाठ होते.

संक्रांतीला हॉल भरला. सुशांत छान बोलला, हे अण्णांनाही मनातल्या मनात कबूल करावं लागलं, आणि त्याने ते आणखी चिडले. अण्णांचा जन्मभराचा सिद्धांत त्याने आदराने सांगितला, पण चार वाक्यांत उरकला. मग प्रश्न विचारायला सांगितलं, तर बायकांच्या बाजूने हात वर झाला. हात कुमुदताईंचा होता.

“आमचे हे म्हणतात, विश्व कायम एकसारखं,” त्या उभ्या राहून हळूच म्हणाल्या. “आणि लांबचा उजेड पोचायला वेळ लागतो, म्हणून लांबचं बघणं म्हणजे जुनं बघणं, हेही यांनीच सांगितलं. मग लांबचं आणि जवळचं सारखंच दिसायला पाहिजे ना? दिसते का?”

सुशांतने माईक जवळ ओढला. “नाही दिसत, काकू. लांबचं विश्व वेगळं आहे. तो सिद्धांत अडला तो बराचसा याच प्रश्नाशी.”

टाळ्या पडल्या. विभावरीबाईंनी आभारासाठी अण्णांचं नाव पुकारलं. अण्णा माईकपाशी गेले आणि त्यांनी कुमुदताईंकडे पाहिलं. त्या खाली मान घालून पदराचं टोक पिळत होत्या. अण्णांना मुद्दा एकही आठवेना. “सर्वांचे आभार,” ते म्हणाले आणि खाली उतरले. जलेबी अजून तळून व्हायची होती. सुशांतने पाया पडून तिळगूळ दिला, तेव्हा ‘गोड बोला’ हे दोन शब्द अण्णांनी दात-ओठ खात उच्चारले.

घरी आल्यावर कुमुदताई मटाराचं ताट घेऊन बसल्या.

“हा प्रश्न तुझ्या डोक्यात कधीपासून होता?” अण्णांनी विचारलं.

“वेदांत शाळेत होता तेव्हापासून.” वेदांत म्हणजे त्यांचा मुलगा, तो आता बंगलोरला नोकरीला होता.

“मग मला काहून नाही विचारला? त्यालाच काहून?”

कुमुदताईंनी एक शेंग सोलून संपवली. “त्याला उत्तर नसतं आलं तर माझं काय जात होतं? तुम्हाला नसतं आलं तर तुम्ही जेवले नसते.”

अण्णांनी ताट स्वतःकडे ओढलं आणि एक शेंग उचलली.

“अजून आहेत का असे?”

“आहेत ना.”

“विचार.”

“तुम्ही म्हणता नवं द्रव्य जन्मते. ते कशातून?”

या प्रश्नावर अण्णांकडे लांबलचक व्याख्यान तयार होतं. त्यांनी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. हातातली शेंग उलटसुलट करून पाहिली.

“माहीत नाही मला,” ते म्हणाले.

कुमुदताईंचे हात थांबले. त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं.

“अच्छा,” त्या म्हणाल्या. “मग?”