वरचा सांधा, खालचा सांधा

कर्जत-खालापूर अस्थिवैद्य मंडळ निघणार असं ठरलं, तेव्हा अकरा हाडवैद्यांपैकी दहाजणांना मंडळ म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. अकराव्या आबाजीला पक्कं ठाऊक होतं, कारण अध्यक्षाची खुर्ची त्याला मिळणार होती. सत्तेचाळीस सालच्या त्या रविवारी तो सभेसाठी सगळ्यांच्या आधी शाळेत आला आणि खुर्ची डुगडुगत नाही ना, हे त्याने दोनदा हलवून पाहून घेतलं.

मंडळ काढणारे डॉक्टर टिपणीस वर्षापूर्वीच मुंबईहून शिकून परतलेले. हाडवैद्यांना हसण्यापेक्षा हाताशी धरलेलं बरं, असा त्यांचा विचार. मंडळात घेण्याआधीची परीक्षा त्यांनी हाडवैद्यांच्याच रीतीने ठेवली. आबाजीचा बाप गोणपाटात मडकं फोडायचा आणि पोराला आत हात घालून, न बघता, खापऱ्या जुळवायला लावायचा. डॉक्टरांनी मडक्याऐवजी खरी हाडं घातली, एवढाच फरक.

"कोनाची हायत?" खालापूरच्या सखाने विचारलं.

"शिकताना मुंबईत एका बेवारशाचा अर्धा सांगाडा विकत घेतला होता, त्यातला हात."

"अर्धाच? मंजे डागदरकी बी अर्धीच शिकलाव म्हना की!"

डॉक्टरही हसले. "मोडून जुळलेला होता, म्हणून स्वस्तात मिळाला. कुठं मोडलेला, ते सांगा. पहिला मान अध्यक्षांचा."

आबाजीने ऐटीत बाही सारली आणि गोणपाटात हात घातला. दंडाच्या हाडावर अगदी पुसट वळ होता. लहानपणी मोडलेलं हाड कोणीतरी असं बसवलं होतं, की नख फिरवल्याशिवाय पत्ता लागू नये. हे काम बापाचं. दुसऱ्या कोणाचं असं काम आबाजीने पाहिलं नव्हतं, स्वतःचं तर नाहीच.

मग बोटं कोपराखाली उतरली आणि थांबली. तिथली दोन्ही हाडं एका ओबडधोबड गाठीने एकमेकांना चिकटली होती. ती दोन हाडं बांधताना मधे सुतळीचा पीळ दाबून ठेवायचा असतो, नाहीतर ती जुळून एक होतात. एकदाच, एकाच माणसाच्या हाताला, आबाजी तो पीळ ठेवायला विसरला होता. लग्नाची पंगत बसली होती, बोलावणं दोनदा आलं होतं, बुंदी संपत आली होती.

तो माणूस वाल्मिक, त्याच्याच आळीतला. त्याचा तळवा पुन्हा कधी उताणा झाला नाही. घमेलं धरता येईना, तेव्हा भिवपुरीचं खडीचं काम सुटलं आणि तो मुंबईला गेला. त्याला नऊ वर्षं झाली. बायको सोनाबाई अजून वाट बघत होती. भाऊ तिचा दुसऱ्या घरी पाट लावायला दोनदा आले, तिने दोनदा परत पाठवले. आणि या नऊ वर्षांत आबाजीने कोणाचाही हात धरला, की बोटांखाली आधी तो न वळणारा हात लागायचा. आज तोच लागला होता, आणि त्यावर मांस नव्हतं.

बोललं तर खुर्ची गेली. गप्प बसलं तर सोनाबाई जन्मभर दाराकडे बघत बसणार.

"काय रं आबा, हात अडकला का काय?" सखा म्हणाला.

"वरचा सांधा माझ्या बापाचा," आबाजी म्हणाला. "खालचा माझा. वाल्मिक हाय ह्यो."

डॉक्टरांनी हाडं गोणपाटातून बाहेर काढली.

संध्याकाळी आबाजी आणि डॉक्टर तो हात पंच्यात गुंडाळून सोनाबाईकडे गेले. तिने गाठीवरून बोट फिरवलं. "ह्येच्यावर डोकं ठिवलं की टोचायचं मला," ती म्हणाली.

"वयनी, ती गाठ माझी चूक हाय."

"ठाव हाय, भावजी. तेंनीच सांगितलेलं. आबाला बोलू नको म्हनले, त्याचा धंदा बुडंल." मग तिने डॉक्टरांकडे पाहिलं. "हात आला. बाकीचे ते कुठं हायत?"

डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. निम्मी हाडं त्यांच्या कपाटात होती. उरलेली कोणा विद्यार्थ्याने नेली, ते विकणाऱ्यालाच ठाऊक.

"मग सगळे गोळा करा," सोनाबाई म्हणाली. "अर्ध्या मानसाला जाळू कशी?"

दुसऱ्या सभेत आबाजी खाली सतरंजीवर बसला. खुर्चीवर कोणीच बसायला तयार होईना. मंडळाचा पहिला ठराव झाला, तो डॉक्टरांनी आपल्या वर्गबंधूंना पत्रं लिहिण्याचा. बत्तीस पत्रं गेली. सभेच्या दिवशी सोनाबाई शाळेच्या दारात येऊन बसे आणि टपाल फोडून होईपर्यंत हलत नसे.

तिसऱ्या महिन्यात एक लांबट पार्सल आलं. आत नडगीचं हाड होतं. सोनाबाईने ते मांडीवर घेऊन आपल्या पायाला लावून पाहिलं आणि आबाजीकडे दिलं. "ह्ये तेंचं नाय. ते उंच होते."

आबाजीने सवयीने हाड चाचपलं. घोट्याच्या वर मोडल्या हाडाचा एक सांधा होता, बरा बसवलेला. कोणत्या मुलखातल्या हाडवैद्याचा, आणि तिकडे कोण दारात बसलंय, ते बोटांना कळेना. डॉक्टर ते पुन्हा कागदात बांधायला लागले, तर आबाजी ते हातातून सोडीना.